पाऊल आत कलतंय? आधी मोजा, मग ठरवा

जुना बूट पालथा करायचा, टाचेची बाहेरची कड झिजलेली दाखवायची आणि "बघा, तुमचा पाय वाकडा पडतो" असं सांगायचं, ही बूट विकणाऱ्यांची आवडती युक्ती. मीही एकदा तिला भुललो. नडगी आतल्या बाजूने ठणकत होती, पळणं बंद पडायच्या बेतात होतं आणि समोरचा माणूस फार खात्रीने बोलत होता. आतल्या बाजूला कडक टेकू असलेला जड बूट घेऊन घरी आलो. नडगीचं दुखणं तसंच राहिलं, वर गुडघाही कुरकुरायला लागला. पुढे कळलं की टाचेची बाहेरची कड बहुतेक सगळ्यांचीच झिजते, कारण चालताना टाच त्याच कडेवर आधी टेकते. त्या झिजेवरून पाऊल आत कलतं की नाही, हे सांगताच येत नाही.

म्हणून हा लेख विकत घ्यायच्या वस्तूंपासून सुरू होत नाही. आधी पाऊल काय करतं ते समजून घेऊ, मग घरच्या घरी मोजू, आणि त्यानंतर काही करायला हवं का ते ठरवू.

कलणं हा दोष नव्हे

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. टाच जमिनीला लागली की घोट्याच्या खालचा सांधा आत झुकतो, कमान थोडी बसते आणि तिच्याबरोबर नडगीही किंचित आत वळते. याला प्रोनेशन म्हणतात. ते झालंच नाही तर प्रत्येक पावलाचा धक्का थेट वर गुडघ्याकडे जाईल. या क्षणी पाऊल मुद्दाम सैल पडतं, खडबडीत जमिनीशी जुळवून घेतं आणि धक्का पचवतं.

पुढच्या क्षणी त्याला नेमकं उलटं काम करायचं असतं. टाच उचलताना तेच सैल पाऊल घट्ट होऊन अंगाचा भार पुढे ढकलतं. हे कसं होतं, ते हिक्स या संशोधकाने १९५४ साली उलगडून दाखवलं. पायाचा अंगठा वर वळला की तळव्याखालचा जाड पट्टा, म्हणजे प्लांटार फॅशिया, त्याच्या बुडाशी गुंडाळला जातो. रहाटावर दोर गुंडाळला की बादली वर येते, तशी त्या ताणाने कमान वर उचलली जाते. बसल्या जागी हाताने पायाचा अंगठा वर ओढून पाहा, कमान उठताना दिसेल.

ओव्हरप्रोनेशन म्हणजे हे कलणं प्रमाणाबाहेर होणं, किंवा वेळेबाहेर होणं. लोक पहिल्या भागाकडे बघतात, पण दुसरा भाग जास्त त्रासदायक असतो. टाच उचलायची वेळ आली तरी पाऊल अजून सैलच असेल, तर ढकलण्याचं काम ओल्या दोरीने ओंडका लोटण्यासारखं होतं. मग जोर स्नायूंना आणि कंडरांना (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांना) लावावा लागतो.

यात सर्वांत जास्त भरडला जातो तो टिबियालिस पोस्टेरियर. हा स्नायू नडगीच्या मागे खोलवर असतो. त्याची कंडरा आतल्या घोट्याला मागून वळसा घालून कमानीच्या माथ्याशी येते आणि तिला खालून तोलून धरते. तळव्याला टाचेजवळ दुखणं, नडगीच्या आतल्या कडेला दुखणं, घोट्याच्या आत ओढल्यासारखं वाटणं या तक्रारी पाऊल जास्त कलणाऱ्यांमध्ये पुष्कळदा दिसतात. गुडघ्याच्या वाटीभोवतीचं दुखणं आणि अंगठ्याच्या बुडाशी बाहेर येणारी गाठ यांच्याशीही त्याचा संबंध जोडला जातो, पण तिथे इतर कारणंही तेवढीच बळकट असतात.

पाऊल जास्त का कलतं, याचं एकच उत्तर नाही. काहींचे सांधे जन्मापासूनच लवचिक असतात. वजन वाढलं किंवा गरोदरपण आलं की कमान खाली येऊ शकते. आणि एक कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे घट्ट पोटरी. चालताना नडगीला पावलावरून पुढे झुकावं लागतं. पोटरी ताठ असेल तर घोटा तेवढा वाकत नाही, आणि शरीर ती कसर कमान खाली पाडून भरून काढतं. अशा माणसाने कमानीखाली कितीही आधार ठेवला तरी मूळ अडचण मागेच राहते.

पायरी पहिली: नुसतं पाहा

अनवाणी, पाय खांद्याएवढे फाकवून, नेहमीसारखे उभे राहा. कोणाला तरी मागून दोन्ही टाचांचा फोटो काढायला सांगा, कॅमेरा जमिनीलगत ठेवून. टाचेची उभी रेघ आणि पोटरीची रेघ एका ओळीत आहेत की टाच बाहेर झुकून घोटा आत पडतोय, ते बघा. मागून पाहताना बाहेरच्या बाजूला सहसा एक-दोन बोटं दिसतात. तीन-चार दिसली तर पुढचं पाऊल बाहेर वळलंय.

बुटात बघायचं ते टाचेच्या कडेला नाही. सपाट टेबलावर बूट ठेवून मागून बघा. वरचा भाग आतल्या बाजूला लवंडलाय का? चवड्याखाली अंगठ्याच्या बाजूची झीज जास्त आहे का? या खुणा जरा बोलक्या आहेत.

ओल्या पावलाचा ठसा घेण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. ती मजेची आहे, पण तिच्यावर निर्णय घेऊ नका. स्थिर उभ्या पायाचा ठसा चालत्या पायाबद्दल फार काही सांगत नाही, आणि मांसल तळवा सपाट कमानीसारखाच ठसा उमटवतो.

पायरी दुसरी: कमान किती उतरते ते मोजा

यासाठी एक पेन आणि एक ताठ कार्ड लागेल. खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर टेकवा पण भार देऊ नका. आतल्या घोट्याच्या टोकापासून थोडं खाली आणि पुढे बोट फिरवलं की हाडाचा एक उंचवटा लागतो. ते नेव्हिक्युलर हाड, कमानीचा माथा. त्यावर पेनाने ठिपका द्या. कार्ड पावलाशेजारी उभं धरून ठिपक्याची उंची त्यावर खूण करा. आता उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि त्याच कार्डावर पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे कमान किती उतरली ते.

१० मिलिमीटरपेक्षा जास्त उतार असेल तर तो बराच मानतात. काही जण ही हद्द १५ मिलिमीटरवर ठेवतात. पेनाच्या खुणेतच दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते, म्हणून दोन्ही पायांचं माप तीन-तीनदा घेऊन सरासरी काढा. एका पायाचं माप दुसऱ्यापेक्षा खूप वेगळं आलं तर ते आवर्जून लिहून ठेवा. दोन्ही पाय सारखेच कलत असतील तर ती बहुधा तुमची घडणच. एकच पाय अलीकडे बदलला असेल, तर काहीतरी बिघडलंय.

फिजिओथेरपिस्टकडे गेलात तर तो बहुधा सहा खुणा तपासून प्रत्येकीला उणे २ ते अधिक २ असे गुण देईल. या फूट पोश्चर इंडेक्समध्ये ० ते ५ गुण साधारण पाऊल, ६ ते ९ आत कललेलं आणि १० किंवा त्याहून जास्त म्हणजे खूपच कललेलं.

पायरी तिसरी: पाऊल लवचिक आहे का, आणि त्यात ताकद आहे का

माझ्या मते घरच्या तपासणीत हीच पायरी सर्वांत कामाची, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

आधी दोन्ही पायांवर चवड्यावर उभे राहा. कमान उठली आणि टाच आतल्या बाजूला वळली तर पाऊल लवचिक आहे. उभं असताना कोणी तुमचा अंगठा वर उचलला आणि कमान आपोआप उठली, तरी तेच समजायचं. दोन्ही वेळा कमान हललीच नाही तर पाऊल ताठ सपाट आहे, आणि ते डॉक्टरांना दाखवायला हवं.

मग एका पायावर उभं राहून, भिंतीला बोटं टेकवून, चवड्यावर चढा-उतरा. किती वेळा जमतं? प्रौढांसाठी २५ वेळा हा आकडा बरीच वर्षं मापदंड म्हणून वापरला जातो. वयाबरोबर तो कमी होतो. आकड्यापेक्षा हे बघा: शेवटच्या काही वेळा टाच सरळ वर जाते की घोटा आत कोसळतो? दुखरा पाय चांगल्या पायाच्या किती मागे आहे?

शेवटी पोटरी. भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. पाऊल हळूहळू मागे सरकवत जा. गुडघा जेमतेम लागतो त्या जागी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. १० सेंटिमीटरच्या आसपास आलं तर ठीक. यात एक पळवाट असते: कमान आत पाडली की गुडघा फुकटात पुढे जातो आणि माप खोटं मोठं येतं. म्हणून गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेतच ठेवा.

आता ठरवा

कलणं भरपूर, दुखणं शून्य, एका पायावर चढ-उतार व्यवस्थित जमते? मग काहीही करू नका. हे सांगताना लोकांच्या चेहऱ्यावर जरा निराशा दिसते, पण यामागे आधार आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९२७ नवख्या धावणाऱ्यांना, पावलाची ठेवण कशीही असली तरी, एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं गेलं. पाऊल मध्यम प्रमाणात आत कलणाऱ्यांना दुखापती जास्त झाल्या नाहीत. अमेरिकेच्या सैन्यदलांत पावलाच्या ठेवणीनुसार बूट वाटून पाहिले गेले, त्यानेही नव्या जवानांच्या दुखापतींत फारसा फरक पडला नाही. दुसरी बाजूही आहे. २०१६ साली सुमारे ३७० हौशी धावपटूंवर झालेल्या चाचणीत आतून टेकू असलेल्या बुटांनी दुखापती कमी केल्या, आणि तो फायदा मुख्यतः पाऊल आत कलणाऱ्यांनाच झाला. थोडक्यात, बूट सर्वांसाठी औषध नाही आणि निरुपयोगीही नाही. नुसत्या ठेवणीवरून कोणाला दुखणं येणार, हे मात्र सांगता येत नाही.

दुखत असेल, ताकद कमी असेल किंवा पोटरी घट्ट असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

पण काही गोष्टींत थांबू नका. आतल्या घोट्याच्या मागे सूज, कमान महिन्यागणिक खाली जाणं, एका पायावर टाच उचलताच न येणं ही टिबियालिस पोस्टेरियरची कंडरा निकामी होत असल्याची लक्षणं आहेत. उशीर झाला तर पाऊल हळूहळू ताठ होतं आणि मग व्यायामाच्या हाताबाहेर जातं. मधुमेह असेल आणि पाऊल एकाएकी लाल, गरम, सुजलेलं झालं तर, दुखत नसलं तरी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि तोवर त्यावर भार देऊ नका. ही शार्को पावलाची, म्हणजे मधुमेहात पावलाची हाडं-सांधे ढासळण्याच्या आजाराची, सुरुवात असू शकते. बधिरपणा, मुंग्या, रात्री झोपमोड करणारी वेदना, किंवा हाडाच्या एकाच ठिपक्यावर दाबल्यावर तीव्र दुखणं यांनाही घरचे उपाय नकोत.

पायरी चौथी: आग शमवा

पहिले एक-दोन आठवडे भार कमी करायचा, पूर्ण बंद करायचा नाही. ० ते १० मोजपट्टीवर वेदना ३ पर्यंत राहिली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आली, तर तेवढी हालचाल चालेल. ५ वर गेली तर अंतर किंवा वेळ निम्मा करा. पळणाऱ्यांनी पावलं थोडी लहान आणि मिनिटाला ५ ते १० टक्के जास्त टाकून पाहावीत. प्रत्येक पावलाचा भार त्याने कमी होतो.

कमानीला आधार देणारी टेप हा इथला कमी वापरला जाणारा उपाय. फिजिओथेरपिस्टकडून एकदा लावून घ्या. टेप लावल्यावर दुखणं स्पष्ट कमी झालं, तर इनसोलचा, म्हणजे बुटात घालायच्या आधाराच्या तळव्याचा, उपयोग होण्याची शक्यता चांगली. काहीच फरक पडला नाही, तर महागाच्या साच्याच्या इनसोलकडे धावण्याआधी विचार करा.

पायरी पाचवी: बूट आणि इनसोल

बूट हातात घेऊन तीन गोष्टी करा. टाचेमागचा भाग दोन बोटांनी दाबा, तो सहज चेपू नये. बूट टॉवेलासारखा पिळून पाहा, मधोमध फार पिळला जाऊ नये. मग वाकवा: तो बोटांच्या सांध्याशी वाकायला हवा, मध्यभागी नाही. दुपारनंतर पाऊल थोडं सुजतं, खरेदी तेव्हाच करा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटू द्या. आणि पहिल्या दहा पावलांत जो बूट खुपला, तो "घालून घालून बसेल" या भरवशावर घेऊ नका. कॅलगरी विद्यापीठातले बेनो निग यांनी अनेक वर्षं हेच मांडलंय की आरामदायक वाटणं हा बूट निवडण्याचा चांगला निकष आहे. मला ते पटतं, माझ्या त्या जड बुटानंतर तर जास्तच.

इनसोल आधी तयार घ्या, अर्धकडक. टाचेच्या दुखण्यासाठी तयार आणि मापाने बनवलेल्या इनसोलांची तुलना केली तेव्हा साधारणपणे मोठा फरक दिसलेला नाही. पहिल्या दिवशी तासभर घाला, मग रोज एक-एक तास वाढवा. पळताना वापरायला दोन आठवडे थांबा. कमानीखाली दाब जाणवणं ठीक, फोड येणं किंवा गुडघा दुखायला लागणं ठीक नाही. इनसोल कमान "घडवत" नाही, काढला की पाऊल पुन्हा आपल्या जागी येतं. तो व्यायाम करता येईपर्यंतची कुबडी आहे, आणि काहींना ती कायमची लागते, त्यातही काही वावगं नाही.

पायरी सहावी: ताकद, बारा आठवडे

सुरुवात पाऊल आखूड करण्यापासून. खुर्चीवर बसून, बोटं न वळवता, अंगठ्याखालचा चवडा टाचेकडे ओढा, म्हणजे कमान उठेल. बोटं वळली तर चुकलं. ५ ते १० सेकंद धरा, १० वेळा, रोज. पहिल्या आठवड्यात तळव्याला पेटके येतात, घाबरू नका. बसून जमलं की उभ्याने, मग एका पायावर. आणखी एक गंमतशीर प्रकार: बाकी बोटं जमिनीवर ठेवून फक्त अंगठा उचला, मग अंगठा दाबून बाकीची चार. सुरुवातीला मेंदू ऐकतच नाही. हाताने मदत करा.

खरा भर मात्र टाच उचलण्यावर आहे. दोन्ही टाचांच्या मध्ये टेनिसचा चेंडू दाबून धरा आणि तो न सोडता चवड्यावर चढा. चेंडू दाबताना टिबियालिस पोस्टेरियर कामाला लागतो. वर जायला दोन सेकंद, वर एक सेकंद, उतरायला तीन. १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. सहज जमलं की एका पायावर, मग पिशवीत वजन घेऊन. पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडण्याचा प्रकार शेवटी, दुखणं शांत झाल्यावरच.

पोटरीचं माप कमी आलं असेल तर रोज ताण द्या, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, ३० सेकंद तीन-तीनदा. पावलाच्या आतल्या कडेखाली घडी केलेला छोटा टॉवेल ठेवा, नाहीतर ताण पोटरीऐवजी कमानीला बसतो.

कमरेकडे दुर्लक्ष नको, पण तिथे रेंगाळायचीही गरज नाही. आरशासमोर लहान पायरीवरून एका पायाने हळू खाली उतरा. गुडघा आत पडतोय असं दिसलं तर कुशीवर झोपून वरचा पाय उचलण्याचा व्यायाम जोडा.

मुलांबद्दल

लहान मुलांची पावलं सपाटच असतात, तळव्यात चरबीची गादी असते आणि सांधे लवचिक. कमान पहिल्या दहाएक वर्षांत हळूहळू तयार होते. मूल चवड्यावर उभं राहिलं की कमान दिसते, दुखत नाही, खेळतं-पळतं? मग खास बूट किंवा इनसोल नकोत. पाऊल ताठ असेल, एकाच बाजूचं असेल, किंवा किशोरवयात घोटा वारंवार मुरगळून दुखत असेल तर तपासून घ्या. पावलातली दोन हाडं जन्मतः जोडलेली असण्याची शक्यता तिथे असते.

बाराव्या आठवड्यात

कमानीचं माप पुन्हा घ्या, पण त्यात चमत्कार शोधू नका. व्यायामाने ते सहसा दोनेक मिलिमीटरने हलतं, म्हणजे जवळजवळ पेनाच्या खुणेच्या चुकीएवढंच. बघायचे आकडे तीन: एका पायावर टाच किती वेळा उचलली, गुडघा भिंतीला लावताना अंगठा भिंतीपासून किती अंतरावर राहिला, आणि आवडीचं काम करताना वेदना किती. हे तिन्ही सुधारले तर आठवड्यातून दोन दिवस टाच उचलणं चालू ठेवा आणि इनसोल रोज तासभर काढून पाहा, मग दोन तास. तिन्ही जागच्या जागी असतील, तर आकड्यांची वही आणि टाचांचे फोटो घेऊन फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. जुने बूटही बरोबर न्या.